बिनमोहळाच्या माश्या

(दहावी १९९९ तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात अंबाजोगाई येथे केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं, "तू सॉफ्टवेअरमधली, एआयवर बोल. आपल्या लेकरांना नोकऱ्या राहतील का ते सांग." त्यावर बोलू शकणारे आपल्या तुकडीत निदान चार जण आहेत आणि चौघांची तोंडं चार दिशांना आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. मी मधमाश्यांवर बोलणार आहे, आणि त्यातही ज्या मध देत नाहीत त्यांच्यावर. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी गेली चार वर्षं भिंतींतल्या भोकांचे फोटो टाकते आणि खाली "आज कितवं भोक?" अशी विचारणा होते. आज सगळ्यांना एकदाच उत्तर देते. शिवाय आपण गोळा केलेल्या निधीशीही या भोकांचा संबंध आहे. त्याचं शेवटी बोलू.

आधी ओळखीच्या माश्या. मधमाशी म्हटलं की आपल्याला मोहळ आठवतं, आणि मोहळ म्हटलं की आग्या. पाण्याची उंच टाकी, वडाची आडवी फांदी, लेण्याच्या कातळाचा कंगोरा, अशा ठिकाणी एकच मोठं पोळं उघड्यावर लटकतं. कधी कधी ते मीटरभर रुंद असतं. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या माश्या एकापाठोपाठ एक पोट उचलतात आणि सगळ्या पोळ्यावरून लाट धावते. तुम्ही ती लांबून पाहिली असेल. जवळून पाहिली असेल तर पळालाही असाल. आग्या कायम एका जागी राहत नाही. फुलोरा संपला की ती दूर निघून जाते आणि हंगामाला परत येते. तीच वसाहत पुन्हा त्याच झाडावर येते, हे शास्त्रज्ञांनी जनुकांची तपासणी करून दाखवलंय. म्हणजे टाकीवरचं मोहळ दिसलं की टेंभा पेटवायची घाई नको. त्या भागात माणसांची ये-जा थांबवली आणि काही महिने धीर धरला, तर पाहुणी आपली आपण जाते.

दुसरी सातेरी. ती अंधारात राहते, झाडाच्या ढोलीत, कपारीत, पडक्या विहिरीच्या खांडात. तिची पोळी एकाला समांतर एक अशी अनेक असतात, म्हणून तिला पेटीत बसवता येतं. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचं सगळं काम तिच्यावर उभं राहिलं. जवळच्या मांघर गावाला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, त्या मागेही तीच. तिसरी फुलोरी. बोरीच्या नाहीतर मेंदीच्या फांदीला तळहाताएवढं पोळं, आणि फांदीवर दोन्ही बाजूंना चिकट डिंकाचं कडं, मुंग्या येऊ नयेत म्हणून. आपल्या कोरड्या मुलखाला ही माशी फार मानवते.

सरकारी कागदावर मधमाशीपालन म्हणजे एवढंच. पुण्याची केंद्रीय मधमाशी संस्था १९६२ पासून आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये ५०० कोटींचं राष्ट्रीय मध अभियान जाहीर केलं. पेट्या, मध, मेण, प्रशिक्षण. त्यात वाईट काही नाही. पण जगात मधमाश्यांच्या २०,०००हून जास्त जाती आहेत, भारतात ७००च्या वर. पोळं बांधून मध साठवणाऱ्या जाती त्यातल्या मूठभर. उरलेल्या बहुतेक एकट्या राहतात. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. प्रत्येक मादी स्वतःच राणी आणि स्वतःच मजूर. ती एक भोक शोधते नाहीतर खणते, आत कोठी करते, पराग आणि मकरंद मळून त्याचा छोटा लाडू ठेवते, त्यावर एक अंडं घालते, कोठी बंद करते आणि पुढच्या कोठीला लागते. पिल्लू बाहेर येईल तेव्हा आई बहुधा जिवंत नसते.

सातेरीची राणी भर हंगामात दिवसाला शेकड्यांनी अंडी घालते. एकटी माशी आयुष्यभरात जेमतेम दहा-वीस कोठ्या भरते. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला या माश्या २०२०च्या टाळेबंदीत दिसल्या. कंपनीने घरून काम करा म्हटलं आणि मी पुण्याचं बिऱ्हाड उचलून केज तालुक्यात आजोळी आले. नेटवर्क फक्त ओट्यावर मिळायचं. समोर आजीच्या जुन्या घराची पांढऱ्या मातीची भिंत, पूर्वेला तोंड करून. मीटिंगमध्ये माझा आवाज बंद असायचा आणि भिंतीतून मात्र गुंऽऽ असा बारीक, चढ्या पट्टीतला आवाज यायचा. नीट पाहिलं तर पेन्सिल जाईल एवढी कितीतरी भोकं, आणि त्यांत ये-जा करणारी ठेंगणी, गुबगुबीत माशी. पोटावर काळ्यात निळ्या पट्ट्या, मोरपिसाच्या निळ्या. तिला शास्त्रात अमेगिला म्हणतात. आपण निळ्या पट्ट्यांची माशी म्हणू. शेजारचे आबा दोन दिवस मला बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कामून गं, भोकं मोजायचा पगार देते व्हय तुझी कंपनी?"

या माश्यांचं वागणं मोठं मजेशीर आहे. शेजारी शेजारी वीस भोकं असली तरी वीस बिऱ्हाडं वेगळी. कुणी कुणाच्या कोठीत लाडू ठेवत नाही, आणि कुणी कुणाच्या रक्षणालाही धावत नाही. म्हणूनच त्यांच्यासमोर हातभर अंतरावर तासन् तास बसता येतं. मुठीत दाबली तर माशी डंख मारेल, एरवी तिला तुमच्याशी देणंघेणं नाही. नरांना तर डंखच नसतो आणि घरही नसतं. दिवस मावळला की ते गवताच्या वाळक्या काडीला जबड्याने चावा घेतात आणि तसेच लटकून झोपतात, एका काडीला पाच-सहा जण. हॉस्टेलवर राहिलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

त्याच भिंतीवर आणखी एक माशी यायची. काळी, अंगावर निळे-पांढरे ठिपके. ती कधी खणत नाही की पराग आणत नाही. घरधनीण बाहेर गेली की आत शिरते, तिच्या कोठीत आपलं अंडं घालते आणि निघून जाते. पुढे तिचं पिल्लू तो लाडू खातं. कोकिळेचाच धंदा. तिला थायरियस म्हणतात. मला तिचा राग येत नाही, कारण चोर फिरताना दिसला की समजावं, घरात अजून काहीतरी शिल्लक आहे. यजमान माशी कमी झाली की आधी हीच दिसेनाशी होते.

भुंगा तर सगळ्यांच्या ओळखीचा. काळा, जाड, दुपारी माळवदाच्या सरांभोवती घोंघावणारा. तोही या एकट्या माश्यांपैकीच. मादी वाळक्या लाकडाला जबड्याने गोल दार पाडते, आत बोगदा खोदते आणि लाकडाच्याच भुशाचे पडदे घालून खोल्या करते. मंडपाचे जुने बांबूही तिला चालतात. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाचं वर्णन करताना याच भुंग्याचा दृष्टान्त आलाय: वाळलेलं लाकूड पोखरणारा हा प्राणी कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. कळीचं काय ते कवी जाणोत, पण लाकूड पोखरण्याचं निरीक्षण चोख आहे. शके १२१२ म्हणजे सन १२९०. मराठीत माशीच्या घरट्याची इतकी जुनी नोंद आहे आणि आपण तिच्याकडे फक्त अध्यात्म म्हणून पाहिलं.

मग पानकापी. तुमच्या अंगणातल्या गुलाबाच्या पानांना कडेने कुणी कात्रीने कापावेत तसे गोल तुकडे गेलेले असतात, ते हिचं काम. बायका त्यावर औषध मारतात. पान खाल्लेलं नसतं, कापून नेलेलं असतं. लांबट तुकड्यांचं अस्तर, गोल तुकड्यांचं झाकण, आणि मध्ये लाडू. घर कुठेही, पोकळ काडीत, भिंतीच्या भोकात, कुलपाच्या फटीत, न वापरलेल्या पाइपात. हिच्या काही बहिणी पानांऐवजी माती नाहीतर डिंक वापरतात. इतर माश्या पराग पायांवर आणतात, ही पोटाखाली आणते, म्हणून फुलातून निघताना पोट पिवळंधमक दिसतं. इथे एक खुलासा करते, कारण फोटो मला नेहमी तिचेच येतात. बटणाच्या बोर्डात किंवा खिडकीच्या कोपऱ्यात मातीचे गाडगे करणारी कुंभारीण मधमाशी नव्हे. ती गांधिलांच्या गोतातली. ती आपल्या पिल्लांना कोळी नाहीतर अळ्या कोंडून ठेवते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, दुष्काळी जिल्ह्यात यांना खायला काय? हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर शोधताना माझी आपल्या माळाशी नव्याने ओळख झाली.

आपल्या बालाघाटाच्या माळावर उन्हाळ्यात दोन झाडं हमखास हिरवी असतात, तरवड आणि रुई. शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती टिकतात. तरवडाला आपण नवरात्रात घटाच्या माळेपुरतं ओळखतो. त्याच्या पिवळ्या फुलात मकरंद नसतोच, फक्त पराग, आणि तोही बंद नळीत, टोकाला बारीक छिद्र. मिठाची डबी पालथी करून हलवावी तशी ती नळी हलवावी लागते. निळ्या पट्ट्यांची माशी आणि भुंगा हे काम करतात. फुलाला घट्ट मिठी मारायची, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवायचे, आणि पराग भुरभुर अंगावर. तो वेगळाच कर्कश गुंजारव तुम्ही तरवडाजवळ उभं राहून ऐका. रुईचं उलट. तिच्याकडे मकरंद आहे, पण फूल मोठं आणि दणकट, तिथे भुंग्यासारखा गडीच लागतो. म्हणजे तरवडाकडून पीठ आणि रुईकडून गूळ, असा संसार चालतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ ही वर्षं आपल्याला आठवतात. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते २०१६ मध्ये. शेतात काही नव्हतं त्या वर्षांत या माश्यांना माळानेच तगवलं असणार. ज्याला आपण पडीक म्हणतो, सात-बाऱ्यावर पोटखराबा लिहितो, ती त्यांची शिदोरी.

आणि पाऊस झाला की याच माश्या शेतात उतरतात. वांगी आणि टोमॅटोचं फूल तरवडासारखंच, हलवल्याशिवाय पराग देत नाही. पेटीतल्या मधमाशीला ही थरथर येत नाही. वांग्याच्या प्लॉटशेजारी पेट्या ठेवूनही फरक पडत नसेल तर हे एक कारण. तुरीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण जड माशी बसली की त्याचा मिटलेला पडदा उघडतो आणि दुसऱ्या झाडाचा पराग आत येतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीएसएमआर ७३६ आपल्याकडे घरोघर होता. तसं चांगलं वाण लावून बी घरचं राखलं की चार-पाच वर्षांत ते एकसारखं राहत नाही, हे शेती करणाऱ्यांना माहीत आहे. ती भेसळ दुकानदाराने केलेली नसते, ती पानकापीने आणि भुंग्याने केलेली असते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने संकरित तूर तयार केली तेव्हा याच खोडीचा उपयोग करून घेतला. एका ओळीचा पराग दुसऱ्या ओळीपर्यंत नेण्याचं काम माश्यांवर सोपवलं. कांद्याचं बी धरणाऱ्यांना तर सांगायलाच नको. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि बीजांड नंतर तयार होतं, त्यामुळे माशीशिवाय गोंडा पोचटच राहणार.

प्रामाणिकपणे हेही सांगते की आपल्या जिल्ह्याची दोन मोठी नावं माश्यांवर अवलंबून नाहीत. ऊस कांड्यांनी लागतो. आणि २०१६ मध्ये ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्या बीडच्या सीताफळाचं परागीभवन करतात बारके भुंगेरे, मधमाश्या नव्हेत. सोयाबीनही बहुतांशी आपलं आपण फळतं. मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल, असं एक वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर फिरतं. ते त्यांनी म्हटल्याचा काही पुरावा नाही, ग्रुपवर कृपया टाकू नका. ज्वारी-बाजरी वाऱ्यावर पिकते, आपण उपाशी मरणार नाही. वांगी, तूर, कारली, दोडका, भोपळा, कांद्याचं बी, शेवगा, करडई, सूर्यफूल, हे महाग आणि कमी होत जाईल. भाकरी राहील, कोरड्यास जाईल.

आता माझ्या धंद्याकडे येते. डेटाबेसमध्ये "शून्य" आणि "नोंद नाही" या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नवीन मुलं कामाला लागली की मी पहिल्या आठवड्यात हा फरक घोटून घेते. कोणती माशी कुठे आढळते याचे नकाशे पाहिले की हीच गोष्ट आठवते. भारतातल्या माश्यांची पहिली मोठी पद्धतशीर जंत्री कर्नल बिंगहॅमने १८९७ मध्ये छापली. आजही कितीतरी जातींची ओळख पटवताना त्या ग्रंथापर्यंत मागे जावं लागतं. त्यानंतर ज्या भागात कॉलेजं, संग्रहालयं, हौशी छायाचित्रकार, त्या भागात ठिपके दाट. आयनॅचरलिस्टवर पुण्या-मुंबईच्या आणि सह्याद्रीच्या आसपास गर्दी आणि आपल्याकडे आलं की नकाशा विरळ. तो नकाशा माश्यांचा कमी आणि बघणाऱ्यांचा जास्त आहे. बीडमध्ये माश्या नाहीत असं त्यातून निघत नाही. बीडमध्ये कुणी खाली बसून पाहिलं नाही, एवढंच निघतं.

मी चार वर्षं जेवढं फिरले त्यावरून माझा एक अंदाज आहे, फोटो काढणाऱ्या एका बाईचा अंदाज म्हणून घ्या. जिल्ह्याचे दोन भाग पडतात. बालाघाटाचा वरचा भाग, म्हणजे आपण, केज, धारूर, पाटोदा, मांजरसुंब्याचा घाट, नायगाव मयूर अभयारण्याचा परिसर. इथे जमीन हलकी, मुरमाड, पाणी लगेच निचरून जातं, दरडी उघड्या, माळ शिल्लक. खालचा भाग गंगथडी, गेवराई-माजलगावची काळी. माझी मावशी गेवराईकडे असते. तिच्याकडे फुलं आमच्यापेक्षा जास्त, पाणी जास्त, आणि भोकं कमी. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यात कोठी टिकणार कशी? जगातल्या मधमाश्यांपैकी सुमारे सत्तर टक्के जाती जमिनीत घर करतात, त्यांना उघडी, निचऱ्याची, न हलणारी माती लागते. गंगथडीत मला त्या सापडल्या त्या कालव्याच्या भरावावर, जुन्या पांदीच्या कडेला आणि गढीवर. गावात गढी असेल तर माश्या आहेत, हे आता मी बसमधून गढी दिसली तरी सांगते आणि सहसा खरं निघतं.

लहान माशीची धाव काहीशे मीटरची असते. आग्या मैलोन् मैल जाते, हिला ते जमत नाही. फुलं इथे आणि भिंत दोन किलोमीटरवर, असं चालत नाही. त्यामुळे मोठं अभयारण्य कितीही चांगलं असलं तरी तुमच्या वांग्याच्या प्लॉटला त्याचा उपयोग नाही. तुम्हाला तुमच्या धुऱ्यावर चार हात जागा लागते.

आणि तीच जागा चाललीय. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आपण पाचवीत होतो. कित्येक दिवस अंगणात झोपलेलं सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर दगड-मातीच्या घरांचा धसका बसला आणि तो खोटा नव्हता. माणसं त्या भिंतींखालीच गेली होती. पुढे घरकुलं आली, स्लॅब आले. माळवदावर दर उन्हाळ्यात पांढरी टाकायची, गळतं तिथे धुमसायचं, हे कष्ट बहुतेक बायकांच्याच वाट्याला होते. माझी आई ते घर गेल्याबद्दल एकदाही हळहळली नाही, आणि मीही कुणाला पुन्हा मातीच्या घरात राहा म्हणणार नाही. पण गढ्यांची पांढरी ट्रॅक्टरने भरून भरावाला जाते, धुरे नांगरून वावरात घेतले जातात, पांद रस्त्यात जाते, आणि रोटाव्हेटर दरवर्षी वीतभर माती पिठासारखी करतो. जमिनीतल्या कितीतरी कोठ्या त्याच वीत-दोन वीत खोलीवर असतात.

औषधांचंही तसंच. फवारणी दिसते, तिच्याबद्दल बोललं जातं. बियाण्याला आणि मातीत दिलेलं औषध दिसत नाही. कॅनडात भोपळ्याच्या शेतातल्या माशीवर एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापला गेला. ही माशी जमिनीत घर करते. मातीत इमिडाक्लोप्रिड दिलेल्या भागात तिची घरटी ८५ टक्क्यांनी कमी झाली आणि पिल्लं ८९ टक्क्यांनी. युरोपीय संघाने २०१८ मध्ये हे औषध आणि त्याचे दोन भाऊबंद उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. आपल्याकडे ते कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं, आणि बोंडअळीने नाहीतर माव्याने पीक जाताना पाहिलेल्या माणसाला मी पुण्याहून येऊन शहाणपण शिकवणार नाही. एवढीच विनंती करीन की फूल लागलेलं असताना सकाळी फवारू नका. दिवस मावळताना फवारलं तर निदान त्या वेळी माश्या फुलांवर नसतात.

दहा-वीस कोठ्यांचा हिशोब मघाशी लक्षात ठेवायला सांगितला होता तो यासाठी. सातेरीची वसाहत फुटली तरी ती एका हंगामात पुन्हा भरते. पन्नास माद्यांची भिंत पाडली तर त्यांच्या पुढच्या पिढीचा गुणाकार इतका लहान आहे की ती भिंत दुसरीकडे उभी राहायला कितीतरी वर्षं जातील, तीही जवळ दुसरी भिंत असेल तर.

म्हणून आता आपल्या शाळेकडे. मागच्या बाजूला, टाकीच्या पलीकडे, जुन्या खोलीची एक मातीची भिंत अजून उभी आहे. आपण तिच्या आडोशाला बोरं खायचो आणि सर, तुम्हाला ते माहीत होतं हेही आम्हाला माहीत होतं. आपल्या निधीतून मागच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा असं ठरलंय. मीही त्यात पैसे दिलेत आणि पावसाळ्यात तिथे होणारा चिखल मला चांगला आठवतो. काल दुपारी मी तिथे जाऊन आले. त्या भिंतीत निळ्या पट्ट्यांची माशी आहे, पानकापी आहे आणि ठिपक्यांची चोरटीही आहे. खाली मुरमात बारीक मातीच्या ढिगाऱ्यांची रांग आहे, मुंग्यांची वाटते पण ती बारक्या माश्यांची आहे.

माझी मागणी एवढीच आहे. भिंतीचा पूर्वेकडचा पंधरा फुटांचा तुकडा गिलाव्याशिवाय ठेवा आणि तिच्या पायथ्याशी चार फुटांची पट्टी फरशीशिवाय. वर दीड फूट पुढे येईल असा पत्रा टाका, म्हणजे पावसाने माती विरघळणार नाही. कुंपणाला एक-दोन तरवड लावा, पाणी घालावं लागत नाही. आपले कंत्राटदार मित्र मला काल म्हणाले, "पैसे वाचतील तुझ्यामुळं, पण उद्घाटनाच्या फोटोत ते बरं नाही दिसणार." तर फोटो पुढच्या बाजूने काढा. बाईंनी विचारलं की मुलं खेळतात तिथे, इंगळ्या-साप? प्रश्न रास्त आहे. पेन्सिलीएवढ्या भोकात साप जात नाही. इंगळी भिंतीपेक्षा पायथ्याशी पडलेल्या विटा-पत्र्यांच्या ढिगात असते, तो ढीग मात्र उद्याच हलवा, त्याला माझी काहीच हरकत नाही. आणि टाकीवर कधी आग्या बसली तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा मुलांना मागे जाऊ देऊ नका आणि तज्ज्ञ माणसालाच बोलवा.

समितीची बैठक आज संध्याकाळी जेवणाआधी आहे. निर्णय समितीचा. सातवी-आठवीच्या मुलांनी त्या भिंतीवरची भोकं दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत तारीख-वार लिहिली, तर ती वही ऑनलाइन नोंदवायचं काम मी फुकट करीन. वही शाळेकडे राहील. शून्य आलं तरी लिहायचं, कोरं सोडायचं नाही.

ज्यांना बघायचंय त्यांनी उद्या सकाळी नऊला टाकीमागे या. तोपर्यंत ऊन भिंतीवर येतं आणि माश्या निघतात. गडद कपडे असले तरी चालतील, अत्तर लावू नका. आणि उभं राहताना तुमची सावली भोकांवर पडणार नाही असं बघा, नाहीतर पराग घेऊन आलेली माशी आत न शिरता बाहेरच घिरट्या घालत राहते.